घटकाभराची आठवण

दिवाळी जवळ आली की मुलांचे लक्ष फटाक्यांकडे आणि फराळाकडे लागते, आणि आम्हां मास्तर मंडळींचे सहामाहीच्या गुणपत्रकांकडे. शेवटच्या दिवशी लांब घंटा होते, वर्ग ओस पडतात आणि पहिले सत्र संपते. हा ‘सत्र’ शब्द मोठा जुना आहे. ऋषिमुनी दीर्घकाळ यज्ञ चालवीत, ते सत्र. वाटसरूंना अन्न घालीत, ते अन्नसत्र. सोलापुरातून अक्कलकोटला जाणारा भाविक ज्याला अन्नछत्र म्हणतो, त्याचे कूळ हेच. खुनाचे खटले चालतात, ते सत्र न्यायालय. आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या थोर घराण्यात एक अगदीच अल्पायुषी अपत्य जन्माला आले आहे. संगणकाच्या पडद्यावर कधी ना कधी आपण सर्वांनी त्याचा मृत्युलेख वाचलेला आहे: ‘आपले सत्र संपले आहे. कृपया पुन्हा प्रवेश करा.’

आमच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत या मृत्युलेखाला फार वाचक लाभतात. तिथल्या एखाद्या टॉवेलच्या कारखान्यात जाऊन पाहा. पुढे यंत्रमागांचा असा खडखडाट की शेजारच्या माणसाशीही खुणांनी बोलावे, आणि मागच्या बाजूला काचेच्या दाराआड एक एवढीशी कचेरी. तिथे कारकून संगणकावर कसला तरी अर्ज भरीत बसलेला असतो. सुताच्या बिलांचे आकडे, कामगारांची नावे, मालाचे वजन अशी पाऊण तासाची मजुरी झालेली असते. तेवढ्यात मालक हाक मारतात, ट्रक दारात येतो, चहा येतो. कारकून परत येऊन कळ दाबतो, तो पडदा कोरा! जणू हा गृहस्थ त्या संकेतस्थळाला जन्मात कधी भेटलाच नव्हता.

ज्या यंत्राला वीस वर्षांपूर्वीची थकबाकी पैशापैशाने आठवते, ते अर्ध्या तासापूर्वी समोर बसलेल्या माणसाला विसरते कसे? की त्याला मुद्दाम विसरायला शिकवले आहे? उत्तर असे की त्याला आधी काहीच आठवत नव्हते. मग मोठ्या खटाटोपाने थोडेसे आठवायला शिकवले. आणि त्या खटाटोपातच वेळेवर विसरण्याचीही विद्या द्यावी लागली.

टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थाने जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत १९८९ ते १९९१ या काळात वेब उभे केले. त्याचा हेतू साधा होता. एका शास्त्रज्ञाने दुसऱ्याचा कागद मागावा, तिकडच्या यंत्राने तो द्यावा, व्यवहार संपला. कागद देणाऱ्या यंत्राला सर्व्हर म्हणतात. मागणारा कोण, तो मघाशी येऊन गेला होता काय, याची चौकशी सर्व्हरने करायची नाही. प्रत्येक मागणी नवी, प्रत्येक मागणारा अनोळखी. वाचनालयासाठी ही रीत उत्तमच होती. त्या साधेपणामुळेच वेब झपाट्याने पसरले, असे माझे मत आहे. परंतु वाचनालयाचे दुकान करायचे ठरले तेव्हा घोटाळा झाला. गिऱ्हाइकाने टॉवेल निवडून टोपलीत टाकला आणि पैसे द्यायला पुढच्या पानावर गेले, की दुकानदार विचारणार, ‘आपण कोण? कसली टोपली?’

यावरचा उपाय आपल्याकडे कोणत्याही मोठ्या देवळाच्या दाराशी पाहायला मिळतो. चपला ठेवायच्या जागी जो माणूस बसलेला असतो तो हजारो चेहरे लक्षात ठेवीत नाही. तो चपला घेतो, फळीवरच्या एका खणात ठेवतो आणि त्या खणाचा नंबर असलेला बिल्ला हातात देतो. दर्शन घेऊन आल्यावर ‘मामा, माझ्या चपला’ म्हणून कितीही ओळख सांगा. मामा म्हणणार, ‘बिल्ला?’ बिल्ला दिला की बरोबर आपलाच जोड पुढे येतो. मामांना आपली ओळख नाही, पण बिल्ल्याची आहे, आणि तेवढ्यावर काम भागते.

वेबला हा बिल्ला १९९४ साली मिळाला. लू माँटुली हा नेटस्केप कंपनीतला तरुण प्रोग्रॅमर. त्याच्या कंपनीकडे एमसीआय या दूरध्वनी कंपनीचे दुकानदारीचे काम आले होते. एमसीआयचे म्हणणे असे की अर्ध्यावर राहिलेल्या खरेद्यांची ओझी आमच्या यंत्रांवर नकोत. गिऱ्हाइकाचे लिगाड गिऱ्हाइकापाशीच राहू द्या. तेव्हा माँटुलीने अशी युक्ती काढली की सर्व्हरने एक चिठ्ठी लिहून पाहुण्याच्या ब्राउझरजवळ द्यावी, आणि ब्राउझरने प्रत्येक खेपेस ती मुकाट्याने परत दाखवावी. या चिठ्ठीला कुकी असे खाऊचे नाव पडले. संगणकवाल्यांच्या बोलीत ‘मॅजिक कुकी’ हा शब्द आधीपासून होताच. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात निघालेल्या नेटस्केपच्या आवृत्तीत ती आली.

पुढे लक्षात आले की सगळा संसार त्या चिठ्ठीवर लिहिणे शहाणपणाचे नाही. पाहुणा चिठ्ठीत खाडाखोड करू शकतो, टॉवेलची किंमत बदलू शकतो. म्हणून चिठ्ठीवर फक्त एक लांबलचक, कुणाला ताडता येणार नाही असा आकडा लिहायचा आणि बाकीचा मजकूर त्या आकड्याखाली सर्व्हरने आपल्यापाशी ठेवायचा, अशी वहिवाट पडली. आकडा म्हणजे बिल्ला, मजकूर म्हणजे चपला. पाहुणा आला तेव्हापासून त्याची नोंद पुसली जाईपर्यंतचा काळ, ते सत्र.

आता ही नोंद ठेवायची कुठे आणि किती वेळ? पीएचपी नावाची एक संगणकभाषा आहे. जगातली कितीतरी संकेतस्थळे तिच्यात लिहिलेली आहेत. २००० साली निघालेल्या तिच्या चौथ्या आवृत्तीपासून सत्रांची सोय अंगचीच आली. प्रत्येक पाहुण्यामागे डिस्कवर एक लहानशी फाइल. ती किती वेळ हात न लागता पडून राहिली म्हणजे केरात काढण्याजोगी समजावी, याचा ठरीव आकडा त्या लोकांनी दिला आहे १४४० सेकंद. भागाकार करून पाहा: बरोबर चोवीस मिनिटे. आणि चोवीस मिनिटे म्हणजे आपल्या पूर्वजांची एक घटका! साठ घटकांचा दिवस. लग्नमंडपात पाण्यावर सोडलेले, बुडाला भोक असलेले घटिकापात्र जेवढ्या वेळात भरून बुडते, तेवढाच वेळ हे यंत्र आपली वाट पाहते. त्या प्रोग्रॅमरांनी आपले पंचांग पाहिले असेल असे नाही. पण योगायोग मोठा गोड आहे. फरक एवढाच की आपण मध्ये एखादी कळ दाबली की इथले पात्र रिकामे होऊन पुन्हा पाण्यावर तरंगू लागते. हात आखडता घेतला की मात्र ते बुडायला लागले.

एका यंत्रावर, थोड्या पाहुण्यांपुरती फाइलींची व्यवस्था ठीक चालली. पण गर्दी वाढली तशी दुकानाला एकाऐवजी दहा दारे करावी लागली, म्हणजे दहा सर्व्हर. पहिल्या खेपेस पाहुणा तिसऱ्या दाराने आला, तिथल्या मामांनी बिल्ला दिला. दुसऱ्या खेपेस गर्दीच्या रेट्याने तो सातव्या दाराशी लोटला गेला. सातवे मामा बिल्ला उलटसुलट करून पाहतात. त्यांच्या फळीवर तो खणच नाही. मग कोणी सुचवले, ज्या दाराने आला त्याच दाराने प्रत्येक वेळी सोडा. पण ते दार मोडले तर? कोणी म्हणाले, सर्व नोंदी मधल्या एका मोठ्या खतावणीत, म्हणजे डेटाबेसमध्ये, लिहा. हे तत्त्वतः निर्दोष होते. अडचण एकच. खतावणी डिस्कवर असते, आणि डिस्क हळू चालते.

किती हळू, हे जरा समजून घेऊ. फिरत्या तबकडीच्या डिस्कवरील एखादी नोंद शोधायला साधारण दहा मिलिसेकंद लागतात. मेमरीतली नोंद मिळायला एका सेकंदाचा कोट्यंश भाग. मेमरीच्या त्या क्षणाला एक सेकंद मानले तर डिस्कचा क्षण होतो एक लाख सेकंदांचा, म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस तासांचा. एकाने विचारल्याबरोबर उत्तर द्यावे आणि दुसऱ्याने ‘उद्या दुपारी या’ म्हणावे, असा हा प्रकार. आता नव्या घडणीच्या, तबकडी नसलेल्या डिस्का पुष्कळ चपळ झाल्या आहेत. तरी मेमरीच्या मागेच आहेत.

मग साऱ्याच गोष्टी मेमरीत का ठेवीत नाहीत? त्यासाठी मेमरी म्हणजे काय वस्तू आहे ते पाहावे लागेल, आणि इथे सोलापूरकराला एक सुखद धक्का बसतो. पहिली भरवशाची मेमरी चक्क विणलेली होती! १९५३ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जे फॉरेस्टर यांच्या मंडळींनी व्हर्लविंड या संगणकात ती बसवली. तारांचे उभे-आडवे धागे, जसे मागावर ताणा आणि बाणा, आणि जिथे दोन तारा एकमेकींना छेदतात तिथे लोहचुंबकी पदार्थाचे मोहरीएवढे एकेक कडे. कडे एका दिशेने चुंबकित झाले तर एक, उलट्या दिशेने झाले तर शून्य. पुढे कारखान्यांतून या जाळ्या बहुधा स्त्रियाच हातांनी विणीत. मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली आपल्या लोकांनी बनवलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली कामाला लागला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले. त्याची मेमरीही याच जातीची होती: चाळीस बिटांचे २०४८ शब्द. गुणाकार केला तर ८१,९२० कडी होतात. त्या सगळ्यांत मिळून या लेखातले एखादे पानच मावले असते.

या विणलेल्या मेमरीचा गुण असा की वीज गेली तरी तिच्यातला मजकूर जात नसे. चादरीवरची नक्षी माग बंद पडला म्हणून उसवते थोडीच! परंतु ती महाग आणि अवजड होती. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनर्ड यांनी १९६६ साली दुसरी कल्पना काढली. प्रत्येक बिटासाठी विजेची एक सूक्ष्म कुपी. भरलेली असली तर एक, रिकामी असली तर शून्य. १९७० साली इंटेल कंपनीने या तत्त्वावरची चिप बाजारात आणली आणि काही वर्षांत विणकाम संपले. ही मेमरी स्वस्त, चपळ, मुंगीएवढ्या जागेत मावणारी. पण तिची कुपी गळकी! आजच्या चिपांतही दर चौसष्ट मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक कुपी पुन्हा भरावी लागते; आणि वीज गेली की सगळा मजकूर गेला. म्हणजे वेगाच्या मोबदल्यात आपण टिकाऊपणा देऊन बसलो. डिस्क ही वही झाली आणि मेमरी ही पाटी. पाटीवर लिहिणे सोपे, वाचणे सोपे, आणि पुसणे तर त्याहून सोपे.

पाटीचा उपयोग पाटीसारखाच करावा, हे ज्याने पहिल्यांदा ठासून दाखवले तो ब्रॅड फिट्झपॅट्रिक. १९९९ साली विद्यार्थिदशेत त्याने लाइव्हजर्नल नावाचे रोजनिशा लिहिण्याचे संकेतस्थळ काढले. लोक भराभर येऊ लागले आणि डेटाबेसला धाप लागली. त्याच्या ध्यानात आले की आपल्याजवळच्या निरनिराळ्या यंत्रांत थोडी थोडी मेमरी रिकामी पडून आहे. ही सगळी चिल्लर गोळा करून तिची एकच मोठी पाटी का करू नये? २००३ साली त्याने मेमकॅश्ड हा प्रोग्रॅम केला आणि तो जगाला मोफत दिला. फेसबुकासारख्या अवाढव्य कारभारांनीही पुढे त्याचाच आधार घेतला. त्याची एक खोड मात्र होती. पाटी भरली की फार दिवसांत कुणी न विचारलेली नोंद तो स्वतःच पुसून टाकी आणि तिच्या जागी नवी लिही. डेटाबेसातल्या मजकुराची नक्कलच असेल तर बिघडत नाही. पुन्हा उतरवून घेता येते. पण सत्राची नोंद तेवढी एकाच ठिकाणी असते. ती पुसली की पाहुणा रस्त्यावर.

सत्रांना हवी होती अशी पाटी अखेर सिसिलीहून आली. साल्वातोरे सानफिलिप्पो हा तिथला प्रोग्रॅमर. संकेतस्थळांवर या घटकेला कोण काय पाहत आहे ते त्याच्या मालकांना दाखवणारी एक सेवा तो चालवीत होता. प्रत्येक स्थळाच्या शेवटच्या काही भेटी तेवढ्या लक्षात ठेवायच्या. नवी आली की सर्वांत जुनी गळाली पाहिजे. एवढ्याशा कामासाठी डिस्कवरचा डेटाबेस कुथत होता, आणि मोठे यंत्र घ्यायला जवळ पैसा नव्हता. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला मोलाचा धागा हाच. विद्यापीठाच्या मोठ्या योजनेतून काही निघाले नाही. निघाले ते गळ्याशी आलेल्या एका माणसाच्या गरजेतून. त्याने सुमारे तीनशे ओळींचा कच्चा नमुना लिहिला, मग सी भाषेत पक्का केला आणि २००९ च्या आरंभी लोकांपुढे ठेवला. त्याचे नाव रेडिस. दूरच्या यंत्रावर ठेवलेला शब्दकोश, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती सांधणी आहे.

रेडिसची रीत आमच्या पिढीच्या कारकुनाला आवडावी अशी आहे. आज्ञा पाळायला एकच माणूस बसवला आहे. तो एका वेळी एकच मागणी घेतो, ती पुरी करतो आणि मग दुसरीकडे वळतो. त्यामुळे दोघांनी एकाच नोंदीवर एकदम लेखणी चालवली असा तंटा होत नाही. सारे काही हाताशी पाटीवर असल्यामुळे हा एकटा माणूस सेकंदाला लाखभर मागण्याही उरकू शकतो. प्रत्येक नोंद लिहितानाच तिचे आयुष्य सांगता येते: हिला १४४० सेकंद, हिला साठ. मुदत संपलेल्या नोंदी तो दोन तऱ्हांनी काढतो. कोणी विचारायला आले आणि मुदत उलटलेली दिसली तर तिथल्या तिथे पुसतो. पण ज्यांना कधी कोणी विचारतच नाही, त्यांचे काय? त्यासाठी, त्याच्या मूळ रीतीप्रमाणे, सेकंदातून दहा वेळा तो मुदतीच्या नोंदींतून वीस नोंदी चिठ्ठ्या टाकून उचलतो आणि शिळ्या असतील त्या फेकतो. विसांत पावाहून अधिक शिळ्या निघाल्या, तर आणखी वीस उचलतो. तपासनीस साहेब शाळेत आले म्हणजे सगळ्या वह्या थोड्याच पाहतात! चार उचलतात, त्या खराब निघाल्या तर आणखी मागवतात.

वीज गेली तर? या प्रश्नाने ज्यांची झोप उडते अशा गावचे आम्ही लोक. वीज गेली म्हणजे अक्कलकोट रोडवरचे माग जागच्या जागी थांबतात, धोटा मध्येच अडकतो, पण विणलेले कापड विणलेलेच राहते. रेडिसने तशीच थोडी तजवीज ठेवली आहे. अधूनमधून साऱ्या पाटीचे एक चित्र डिस्कवर उतरवून ठेवायचे. किंवा आलेली प्रत्येक आज्ञा एका रोजकिर्दीत टिपत जायची आणि ती दर सेकंदाला डिस्कवर पक्की करायची. दुसरी रीत धरली तर अपघातात सेकंदभराची आठवण जाते. आणखी खबरदारी हवी असेल तर दुसऱ्या यंत्रावर दुसरी पाटी ठेवतात. पहिलीवर लिहिलेले तिच्यावर आपोआप उतरत राहते.

आपल्या घरची गोष्ट आता सांगतो. रेल्वेची तिकिटे संकेतस्थळावरून मिळू लागली ती २००२ च्या ऑगस्टात. पुढे ‘तात्काळ’ची झुंबड सुरू झाली. सकाळी वातानुकूलित डब्यांसाठी दहाचा ठोका आणि साध्या शयनयानासाठी अकराचा. सोलापुरातले किती अंगठे त्या क्षणी सिद्धेश्वर एक्स्प्रेससाठी टपलेले असतात ते स्टेशनाजवळ राहणाऱ्यांना ठाऊक आहे. त्या दोन-तीन मिनिटांत लाखो बिल्ले एकदम खणखणतात. जुन्या व्यवस्थेत एका वेळी ४०,००० माणसे आत राहू शकत आणि मिनिटाला २००० तिकिटे निघत. २०१४ साली रेल्वेने नवी यंत्रणा उभारली. रेल्वेच्याच सांगण्याप्रमाणे तिची क्षमता एका वेळी १,२०,००० माणसे आणि मिनिटाला ७२०० तिकिटे अशी झाली. या बदलात अधिक यंत्रे होती, चांगल्या तारा होत्या. आणि त्यांच्या जोडीला पुष्कळ यंत्रांच्या मेमरीची मिळून एकच पाटी करणारी गेमफायर नावाची प्रणालीही होती. ही रेडिसची वडील चुलत बहीण म्हणावी. अमेरिकेतली, पण तिच्या जडणघडणीत पुण्यातल्या अभियंत्यांचाही हात लागलेला.

आणि हिशेब करून पाहिला तर मौज वाटते. एका माणसाच्या सत्राला दोन हजार अक्षरांची जागा धरली तर सव्वा लाख माणसांची पुरती नोंद पंचवीस कोटी अक्षरांत आटोपते. खिशातल्या साध्या मोबाइल फोनच्या मेमरीचाही त्याने कोपराच भरेल. म्हणजे जागेची अडचण मुळात नव्हतीच. अडचण होती ती त्या सव्वा लाखांनी एकाच मिनिटात वही उघडायला लावण्याची.

शाळामास्तराला याचे दुसरे रूप निकालाच्या दिवसांत दिसते. दहावीच्या निकालाचे संकेतस्थळ हा तसा निर्बुद्ध प्राणी आहे. बैठक क्रमांक द्या, गुण घ्या. कोणी विचारले याच्याशी त्याला कर्तव्य नाही. अगदी बर्नर्स-लींचे वाचनालय! अकरावीच्या प्रवेशाचे तसे नाही. तिथे मुलगा आत येतो, अर्जाचा पहिला भाग भरतो, दाखले चढवतो, महाविद्यालयांचा पसंतीक्रम लावतो. इतका वेळ यंत्राने त्याला ओळखत राहायला हवे. २०२५ साली ही केंद्रीय पद्धत, तोवर मुंबई-पुण्यासारख्या मोजक्या शहरांपुरती होती ती, साऱ्या महाराष्ट्राला लागू झाली आणि आमच्या सोलापूरची मुलेही तिच्यात आली. २१ मे रोजी दार उघडले, त्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले, आणि नोंदणी २६ मेपासून नव्याने सुरू करावी लागली. त्या चार-पाच दिवसांत किती घरांत आई-बाप रात्री जागे असतील ते आम्ही जाणतो.

इथे मला एक तक्रार नोंदवायची आहे. पाटी घटकाभराच्या आठवणीसाठी आहे: हा माणूस कोण, त्याने परवलीचा शब्द बरोबर सांगितला की नाही, तो या क्षणी कुठल्या पानावर आहे. त्याने पाऊण तास राबून भरलेला अर्ज ही घटकाभराची वस्तू नव्हे. तो भागाभागाने वहीतच उतरला पाहिजे. मग सत्र खुशाल संपू द्या. माणूस पुन्हा आत येईल आणि जिथे सोडले तिथून पुढे लिहील. पुष्कळ चांगली संकेतस्थळे असे करतात. जी करीत नाहीत, त्यांच्या रचनाकारांनी पाटीवर वहीचे काम सोपवले आहे, आणि दोष मात्र चहा प्यायला गेलेल्या कारकुनाच्या माथी येतो.

सत्र आखूड असण्याला सबळ कारण आहे. बिल्ला ज्याच्या हाती त्याच्या चपला, हा न्याय चोरालाही लागू पडतो. २०१० च्या ऑक्टोबरात एरिक बटलर या अमेरिकन प्रोग्रॅमरने फायरशीप नावाचा एक छोटा प्रोग्रॅम जाहीरपणे लोकांच्या हाती दिला. उपाहारगृहातल्या उघड्या वायफायवर शेजारी बसलेल्या माणसाचे बिल्ले हवेतल्या हवेत टिपून ते वापरता येतात, हे त्याने दाखवले. परवलीचा शब्द ठाऊक असण्याची गरजच नाही. मोठ्या कंपन्यांनी त्यानंतर सर्व दळणवळण कुलपात घालण्याची घाई केली. ब्राउझरच्या पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या प्रसारात या खोडसाळपणाचाही वाटा आहे. खुद्द रेडिसच्या बाबतीतही असेच घडले. तो घरातल्या घरात वापरायचा म्हणून बनवलेला, तेव्हा दाराला कडी नव्हती. लोकांनी त्याला तसाच रस्त्यावर मांडला. २०१५ साली सानफिलिप्पोने स्वतःच लिहून दाखवले की असा उघडा रेडिस सापडला तर सारे यंत्र कसे ताब्यात घेता येते. पुढल्याच वर्षीच्या आवृत्तीत बाहेरच्या अनोळखी माणसाला आपणहून नकार देण्याची सोय आली.

यापेक्षाही विलक्षण प्रसंग २० मार्च २०२३ चा. चॅटजीपीटी ही बोलकी यंत्रणा चालवणाऱ्या कंपनीने पाहुण्यांची माहिती रेडिसमध्ये ठेवली होती. रेडिस बिनचूक होता. त्याच्याकडे निरोप नेणाऱ्या मधल्या प्रोग्रॅममध्ये दोष होता. एखाद्याने मागणी करून ऐन वेळी ती रद्द केली, की तिचे उत्तर तसेच नळीत राही आणि पुढच्या भलत्याच माणसाच्या पदरात पडे. काहींना दुसऱ्यांच्या संभाषणांचे मथळे दिसले. पैसे भरून सभासद झालेल्यांपैकी जे नऊ तासांच्या एका अवधीत वावरत होते, त्यांतल्या १.२ टक्के लोकांचे नाव, ईमेल आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे परक्याला दिसले असण्याचा संभव होता, असे कंपनीने नंतर जाहीर केले. बिल्ला खरा, खण खरा. मधल्या पोऱ्याने जोड बदलला.

काहींनी मग म्हटले, हा खणांचा व्यापच नको. माणसाची सर्व ओळख चिठ्ठीवरच लिहा आणि खाली अशी मोहोर करा की खाडाखोड केली तर तत्काळ उमगेल. २०१५ पासून या रीतीला प्रमाण स्वरूपही आले आहे. पेशवाईतल्या दस्तकासारखी ही गोष्ट: कागदावर मोर्तब असले की चौकीदार सोडतो, पुण्याला विचारायला जात नाही. पण दस्तक दिलेला माणूस फितूर निघाला तर? कागद त्याच्या हातात आहे आणि मुदत संपेपर्यंत तो चालणार. खणातला मजकूर मात्र मामा क्षणात काढून टाकू शकतात. म्हणून जिथे पैशाअडक्याचा व्यवहार आहे तिथे पुष्कळ शहाणे लोक पाटीच पसंत करतात.

रेडिसच्या मालकीचा तंटा मात्र अलीकडचा आहे. पंधरा वर्षे तो कोणीही फुकट घ्यावा, बदलावा, विकावा असा होता. सानफिलिप्पोने २०२० साली त्याची देखभाल सोडली. २० मार्च २०२४ रोजी रेडिस याच नावाच्या कंपनीने नव्या आवृत्तीचा परवाना आवळला. मोठमोठ्या कंपन्या हा प्रोग्रॅम भाड्याने देऊन गब्बर होतात आणि आमच्या पदरी काही पडत नाही, हे तिचे गाऱ्हाणे होते, आणि ते अगदीच खोटे नव्हते. पण गावविहिरीला कोणी कुलूप लावले की गाव काय करते? आठ दिवसांच्या आत लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयाने जुन्या, मुक्त आवृत्तीपासून दुसरी विहीर खणायला घेतल्याची घोषणा झाली; तिचे नाव व्हॅल्की. अॅमेझॉन, गूगल, ओरॅकल यांनी तिला पाठिंबा दिला. त्या मोठ्यांचे पाणी भरणे हा परोपकार नव्हता, हेही सांगितले पाहिजे. २०२४ च्या अखेरीस सानफिलिप्पो पुन्हा रेडिस कंपनीत परतला, आणि १ मे २०२५ रोजी आठव्या आवृत्तीबरोबर रेडिसला पुन्हा एक मुक्त परवाना जोडला गेला.

दोन्ही विहिरी आता शेजारीशेजारी चालू आहेत. अक्कलकोट रोडवरचा टॉवेल जिथून विकला जातो त्या दुकानाच्या मागे यांतली कोणती आहे ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. त्याने टोपलीत दोन टॉवेल आणि एक चादर टाकली की कुठल्या तरी दूरच्या यंत्राच्या मेमरीत त्याच्या बिल्ल्याच्या आकड्याखाली एक ओळ उमटते, तिच्यापुढे सेकंदांचा आकडा लिहिला जातो, आणि तो लगेच उलटा मोजायला लागतो.